काचेच्या सुताची नातीगोती

चेन्नईहून महाबलीपुरमकडे अथवा तांबरमकडे जाणाऱ्या हमरस्त्यांवर, जेथे वाहनांची गती किंचित मंदावते आणि प्रवाशांस भुकेची जाणीव होऊ लागते अशा ठिकाणी, डोक्यावर उंच पांढरी टोपी, ओठांवर पिळदार मिशी, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात बिर्याणीचा भाव लिहिलेली पाटी, अशा थाटात उभा असलेला जो पुरुषभर उंचीचा स्वयंपाकी येणाऱ्याजाणाऱ्यास दिवसभर हसतमुखाने पाचारण करीत असतो, त्याच्याकडे गंभीरपणे पाहण्याचे कारण सहसा कोणास पडत नाही. त्याच शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, पुलिकतचे खारे सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये पसरलेल्या श्रीहरिकोटा बेटावरून अग्निबाण सुटावयाचा असला म्हणजे मात्र हेच नागरिक गच्च्यांवर आणि मरीनाच्या वाळूत जमतात, क्षितिजावर उमटणारी तेजाची रेघ पाहून टाळ्या पिटतात आणि मुलांस खांद्यावर घेऊन ती दाखवितात. एकास उपहास आणि दुसऱ्यास आदर, असा हा लोकव्यवहार आहे. आणि तो स्वाभाविक असला तरी त्यात एक गोष्ट नजरेआड होते ती ही की, भारताने स्वतःच्या भूमीवरून स्वतःचा उपग्रह ज्या अग्निबाणाने प्रथम कक्षेत सोडला त्याच्या वरच्या टप्प्यांची कवचे आणि या मिशीवाल्या स्वयंपाक्याची कातडी ही एकाच कुळातली आहेत. दोघांच्याही अंगात काचेचे सूत आहे.

काच म्हटली की आपल्या मनात प्रथम तडा येतो. काचेचे भांडे, काचेचे घर, फुटलेले मन आणि फुटलेली काच, अशी सारी भाषा या पदार्थाच्या नाजूकपणावर उभी आहे आणि रोजच्या अनुभवानेही तिला पुष्टीच मिळते. पण हा नाजूकपणा काचेच्या मूळ प्रकृतीत नसून तिच्या पृष्ठभागावर असलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरांत आहे, ही गोष्ट १९२० च्या सुमारास इंग्लंडातील फार्नबरो येथील विमानविषयक शासकीय संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने दाखवून दिली. त्याने काचेचे तंतू ओढले, ते ताणून तोडले आणि त्यांचे बल मोजले, तेव्हा त्यास असे आढळले की, तंतू जसजसा बारीक होत जातो तसतसे, जाडीच्या हिशेबाने पाहता, त्याचे बल वाढत जाते; कारण जाड कांडीत एखादी मोठी चीर लपून राहण्यास जागा असते, ती केसाहून बारीक धाग्यात नसते. ज्या वस्तूस आपण सर्वांत ठिसूळ समजतो तीच पुरेशी सूक्ष्म केली असता पोलादाशी स्पर्धा करू लागते, हा निष्कर्ष त्या काळी विलक्षण होता, आणि आजही तो ऐकून पुष्कळांस खोटा वाटतो.

वस्तुतः काचेचा धागा ओढण्याची कला ग्रिफिथहून कितीतरी जुनी आहे. हवाई बेटांतील ज्वालामुखी उसळले म्हणजे वाऱ्यावर वितळलेल्या खडकाचे सोनेरी केस उडतात आणि त्यांस तेथील अग्निदेवता पेले हिचे केस म्हणतात. तेव्हा या कलेचा अग्रमान निसर्गाकडेच जातो. माणसाच्या हातून घडलेला सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात झाला. एडवर्ड लिबी नामक काचकारखानदाराने तेथे काचेचे तंतू आणि रेशीम एकत्र विणून वस्त्र सिद्ध केले, जॉर्जिया केव्हन या अभिनेत्रीस त्याचा पोशाख करून दिला आणि प्रदर्शनास आलेल्या स्पेनच्या राजकन्या युलालिया यांनाही तसाच एक पोशाख मिळाला. तो पोशाख चमकत होता यात संशय नाही. परंतु काचेचा तंतू दुमडला की मोडतो, त्यामुळे ते वस्त्र नेसून उभे राहणे जितके शोभिवंत होते तितकेच खाली बसणे संकटाचे होते. शौकिनांचे कुतूहल शमले आणि काचेचे वस्त्र विस्मृतीत गेले.

त्यानंतर १९३२ मध्ये अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण काचेच्या दोन ठोकळ्यांचा सांधा बसविण्याच्या खटपटीत असता दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळला आणि धारेच्या जागी बारीक तंतूंचा पाऊस पडला. जे हवे होते ते साधले नाही आणि जे साधले ते कोणी मागितले नव्हते. या तंतूंचे मोल कंपनीने तत्काळ ओळखले, १९३८ मध्ये त्यासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली, आणि काचेचे सूत प्रदर्शनातून कारखान्यात आले. आजची रीत अशी की, प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या मिश्रधातूच्या पात्रास तळाशी शेकडो सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात, वितळलेली काच त्यांतून थेंबाथेंबाने उतरते आणि खाली वेगाने फिरणारे चाक तिला ओढून नेते. माणसाच्या केसाहून कित्येक पटींनी बारीक असा तंतू तयार होतो आणि त्यावर लगेच संरक्षक लेप चढविला जातो, कारण ग्रिफिथने सांगितलेल्या चिरा पडू द्यावयाच्या नाहीत, हेच या साऱ्या धडपडीचे मर्म आहे.

काचेच्या वस्त्राची गोष्ट मात्र येथे संपत नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीस आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर दगावले, आणि अंतराळवीराच्या अंगावरील सर्वांत बाहेरचे वस्त्र जळू न शकणारेच असले पाहिजे, असा दंडक पडला. ते वस्त्र ओवेन्स-कॉर्निंगने विणले. अत्यंत सूक्ष्म काचतंतूंचे सूत आणि त्यावर टेफ्लॉनचा लेप, असे त्याचे स्वरूप असून त्यास बीटा कापड ही संज्ञा मिळाली. सबब, १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या पोशाखाचा वरचा थर काचेचा होता. शिकागोत ज्या वस्त्राने एका अभिनेत्रीस धड बसू दिले नव्हते त्याच्याच वंशजाने ७६ वर्षांनी माणसास चंद्रावर चालू दिले. काचतंतूंच्या कापडावर टेफ्लॉन चढवून तंबूसारखी छपरे करण्याची विद्या पुढे वास्तुशिल्पातही शिरली, आणि चेन्नईच्या चेपॉक मैदानावर २०११ पासून प्रेक्षकांच्या डोक्यावर जी पांढरी, प्रकाश झिरपू देणारी छते शिडांप्रमाणे ताणलेली दिसतात ती या घराण्यातलीच आहेत.

आता आपल्या मिशीवाल्या स्वयंपाक्याकडे वळू. त्याचा जन्म होतो तो कारखाना बहुधा पत्र्याच्या छपराखाली असतो आणि आत पाऊल टाकताच नाकात झोंबणाऱ्या राळेच्या वासाने त्याची ओळख पटते. प्रथम मातीचे पूर्ण मूर्तिशिल्प घडवितात, त्यावरून साचा घेतात, साच्यास आतून मेण चोळतात आणि मग रंगीत राळेचा पहिला पातळ थर देतात. हाच पुढे पुतळ्याची त्वचा ठरतो. त्यावर काचतंतूंच्या तुकड्यांची मॅट, म्हणजे दिसावयास पांढऱ्या कापडासारखी पण हातास खाजरी अशी चटई, फाडून फाडून बसवितात, ब्रशाने राळ पाजतात आणि खाचा पाडलेल्या लहानशा रुळाने दाबून आतील हवेचे बुडबुडे बाहेर काढतात. बुडबुडा राहिला की पुतळ्याच्या गालास वर्षभरात फोड आलाच म्हणून समजावे. राळेत कठीणकारक द्रव्य किती घालावयाचे हे हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते, आणि चेन्नईच्या वैशाखात कारागिराने जरा हात सैल सोडला तर ब्रश डब्यातच दगड होतो. साचा दोन भागांत असतो. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा असे दोन रिकामे कोश निघतात, ते आतून मॅटने जोडतात, सांधा घासतात आणि रंगवितात. हा सारा पुतळा आतून पोकळ असल्यामुळे उपाहारगृह बंद करण्याच्या वेळी नोकर त्यास काखोटीस मारून आत नेतो, हे दृश्य रात्री साडेअकराच्या सुमारास अवश्य पाहण्याजोगे असते.

उपाहारगृहांच्या दारी अशी मूर्ती उभी करण्याची हौस अमेरिकेने आपणास शिकविली असे समजणे सर्वस्वी बरोबर नाही. नवरात्रात तमिळ घरांतून गोलू मांडतात, त्यात देवदेवतांच्या पायऱ्यांखाली तांदूळ, डाळी व मसाल्यांचे लहान ढीग पुढ्यात घेऊन बसलेले लठ्ठ पोटाचे चेट्टियार आणि त्यांच्या पत्नी यांचे जोडपे ठरलेले असते. भरल्या दुकानाचे हसरे मालक दारी बसवावे, हा विचार त्यात पूर्णपणे आलेला आहे. तंजावरची मान डोलावणारी बाहुली त्याच परंपरेतली. जाड तळाची, कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी, अथवा शिर, धड आणि घागरा वेगळाले करून एकावर एक तोलून धरलेली अशी ती असून, तंजावरच्या भोसले राजांच्या अमदानीत, विशेषतः दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळात, ती भरभराटीस आली असे परंपरा सांगते. मातीची, कागदाच्या लगद्याची ती बाहुली आज दुकानांच्या गल्ल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकास मान हलवून होकार देत असते; आणि तंजावरच्या मराठी दरबाराचा अवशेष म्हणून मोडी दफ्तरांची आठवण काढणाऱ्या आपल्या मंडळींनी या बाहुलीचीही थोडी आठवण ठेवावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकेने केले ते एवढेच की, बाहुलीस तिने राक्षस केले. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे १९३६ साली निघालेल्या एका उपाहारगृहाचा चौकड्यांच्या विजारीतील गुबगुबीत मुलगा, बिग बॉय, हा काचतंतूंच्या पुतळ्यांच्या रूपाने देशभर उभा राहिला, आणि १९९७ च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ या विनोदी चित्रपटात खलनायक जो अग्निबाण घेऊन पळतो तो चक्क याच मुलाच्या आकाराचा आहे. पण खरी मौज निराळ्या पुतळ्याची आहे. १९६२ च्या सुमारास ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथल्या एका कॅफेसाठी पॉल बनियन या दंतकथेतील लाकूडतोड्याचा प्रचंड पुतळा काचतंतूंतून काढण्यात आला. त्याच्या हातात कुऱ्हाड द्यावयाची असल्याने उजवा तळवा वर आणि डावा तळवा खाली, अशी हातांची ठेवण साच्यातच ठरली. तो साचा पुढे कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील इंटरनॅशनल फायबरग्लास या कारखान्याकडे गेला आणि तेथून शेकडो राक्षस बाहेर पडले. कोणाच्या हातात मोटारीचा सायलेन्सर, कोणाच्या हातात भला मोठा हॉट डॉग, पण सगळ्यांचे हात त्या पहिल्या कुऱ्हाडीवरच बसलेले. साचा एकदा ठरला म्हणजे पुढील पिढ्यांस काय धरावयाचे एवढेच स्वातंत्र्य उरते.

या राक्षसांपैकी एकाने १९६५ साली इलिनॉय राज्यातील विल्मिंग्टन या गावी, ‘लाँचिंग पॅड’ नावाच्या उपाहारगृहाच्या दारात अंतराळवीराचे शिरस्त्राण चढविले आणि कुऱ्हाडीच्या जागी हाती रुपेरी अग्निबाण घेतला. त्या वेळी नासाची जेमिनी मोहीम ऐन भरात होती, म्हणून सुमारे २८ फूट उंचीच्या या महाशयांस जेमिनी जायंट असे नाव पडले. काच, अंतराळ आणि झटपट खाणे या तीन गोष्टी एकाच देहात एकवटल्याचे याहून सरळ उदाहरण या लेखकास ठाऊक नाही.

जेमिनी हे नाव चेन्नईकरांच्या कानांस परके नाही, हा केवळ योगायोग. पण मनोरंजक योगायोग. एस. एस. वासन यांनी १९४० मध्ये मद्रासेत जेमिनी स्टुडिओ काढला, ‘चंद्रलेखा’ हा त्यांचा १९४८ चा बोलपट देशभर गाजला आणि तुतारी फुंकणारी दोन जुळी मुले हे त्यांचे बोधचिन्ह पडद्यावर आले की प्रेक्षागृहात शांतता होई. स्टुडिओ गेला, परंतु १९७३ मध्ये बांधलेल्या आणि पुढे अण्णादुराईंच्या नावे झालेल्या शहरातील पहिल्या उड्डाणपुलास लोक आजही जेमिनी फ्लायओव्हरच म्हणतात. आणि याच पुलाजवळ, कॅथिड्रल रस्त्यावर, १९६२ पासून २००८ पर्यंत मद्रासचे खरे झटपट खाणे नांदत होते: वुडलँड्स ड्राइव्ह-इन.

उडुपीहून आलेल्या के. कृष्णराव यांनी वुडलँड्सची प्रतिष्ठापना केली होती. ड्राइव्ह-इन ही त्यांनी अमेरिकन पद्धतीस दिलेली दाक्षिणात्य कलाटणी. कृषि-उद्यान संस्थेच्या जुन्या झाडांच्या सावलीत मोटार उभी करावी, काच खाली करावी, वाढप्याने खिडकीच्या कडेस अडकेल असा ट्रे आणून बसवावा आणि त्यावर इडली, सांबार, डोसा व डबरा-पेल्यातील कापी यांचा थाट मांडावा. मोटारवाल्यांचीच ती मिरासदारी होती असेही नाही; आत मांडलेल्या टेबलांवर कवी, विमा एजंट, वकील आणि बेकार पदवीधर एका कापीवर दोन दोन तास बसत, आणि त्यांस कोणी उठवीत नसे. लक्षात घेण्याजोगे हे की, अमेरिकेत ड्राइव्ह-इन म्हटले की दारात राक्षस उभा राहिलाच, परंतु मद्रासच्या ड्राइव्ह-इनला जवळजवळ अर्धशतकाच्या आयुष्यात अशा एकाही पुतळ्याची गरज भासली नाही. झाडे होती, वास होता, आणि वाढपी गिऱ्हाइकास ओळखत होता. जेथे ओळख असते तेथे पुतळा लागत नाही. हमरस्त्यावर पुन्हा कधी न येणाऱ्या प्रवाशास थांबवावयाचे असते, म्हणून तेथे तो लागतो. ती जागा शासनाने परत घेतली आणि २०१० साली तेथे सेम्मोळी पूंगा हे उद्यान झाले.

मद्रासने पुतळ्याच्या बाबतीत आपला असा एक स्वतंत्र शोध मात्र लावला आहे. पूर्व किनारपट्टीच्या रस्त्यावरील व्हीजीपी या क्रीडोद्यानाच्या दारी वर्दी चढविलेला एक पहारेकरी तासन् तास पापणीही न हलवता उभा असतो आणि लोक त्यास हसविण्यासाठी नाना चाळे करतात. जगात इतरत्र पुतळ्यास माणसासारखे हसावयास लावतात. येथे माणसास पुतळ्यासारखे न हसण्याचा पगार मिळतो.

आता श्रीहरिकोट्यास जाऊ. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथून पहिला लहानसा रोहिणी संशोधन-अग्निबाण उडाला, आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या २२ मीटर उंचीच्या, १७ टन वजनाच्या चार टप्प्यांच्या अग्निबाणाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या दोन आकड्यांकडे नीट पाहावे: १७ टनांच्या वाहनाने ३५ किलोंचा प्रवासी नेला. अग्निबाणाचा हिशेब असा निर्दय असतो, आणि त्यातही वरच्या टप्प्यांचा फारच. कारण सर्वांत वरच्या टप्प्याच्या कवचात एक किलो पोलाद अधिक घातले तर उपग्रहातून तेवढाच एक किलो कमी करावा लागतो. म्हणून खालच्या टप्प्यांस पोलाद आणि वर काचेचे सूत, अशी वाटणी झाली. केरळातील थुंब्याच्या अंतराळ केंद्रात काचतंतूंच्या या विद्येचा विभाग उभा करणारे अभियंते म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम, ज्यांनी आपले वैमानिकीचे शिक्षण मद्रासच्या क्रोमपेट उपनगरातील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत घेतले होते. आणि कवचाच्या आत जे घन इंधन भरावयाचे त्या शास्त्रात अग्रणी होते ते आपले वसंत गोवारीकर, जे १९७९ पासून विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. कवच आणि इंधन या दोन विद्यांची थुंब्यात एकमेकींशी अशी सांगड पडली.

मिशीवाल्या स्वयंपाक्यात आणि या कवचात कूळ एक असले तरी संस्कार वेगळे आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. स्वयंपाक्याच्या अंगात काचतंतूंचे तुकडे वाटेल तसे पसरलेले असतात, कारण त्यास फक्त उभे राहावयाचे असते. कवचासाठी अखंड सूत घेतात, ते इपॉक्सी राळेत भिजवितात आणि फिरत्या दंडगोलावर मोजून ठरविलेल्या कोनांत गुंडाळतात. आतील जळत्या इंधनाचा दाब ज्या दिशेने कवच फाडू पाहतो त्या दिशेने धागा पडला पाहिजे, अन्यथा सारा खटाटोप व्यर्थ. किती वेटोळी, किती ताण, राळ किती आणि सूत किती, यांची खातरजमा करण्यातच महिने जातात. १० ऑगस्ट १९७९ रोजीचे पहिले उड्डाण फसले आणि वाहन बंगालच्या उपसागरात पडले. परंतु दोष निघाला तो दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील गळतीचा, सुताचा नव्हे.

श्रीहरिकोट्यास उड्डाण ठरले की पुलिकतच्या आणि आसपासच्या किनाऱ्यावरील कोळ्यांस समुद्रात न जाण्याची ताकीद सुटते. ज्या होड्या त्या दिवशी वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात त्या पुष्कळशा काचतंतूंच्याच. लाकडी ओंडके दोराने बांधून केलेले कट्टुमरम हे या किनाऱ्याचे जुने वाहन. २००४ च्या त्सुनामीत ती हजारोंनी मोडली, मदतीस आलेल्या संस्थांनी जलद तयार होणाऱ्या फायबरच्या होड्या वाटल्या आणि मुळातच सुरू झालेला हा बदल एकदम पूर्णत्वास गेला. होडीस भोक पडले तर कोळी आता सुताराकडे जात नाही. मॅटचा तुकडा, राळेचा डबा आणि ब्रश घेऊन स्वतःच ठिगळ लावतो, आणि तास-दोन तासांत होडी पाण्यास योग्य होते. तेव्हा ज्याच्यासाठी समुद्र मोकळा ठेवावयाचा तो आणि ज्यांस किनाऱ्यावर थांबावयाचे त्या होड्या, दोन्हींची प्रकृती पुन्हा एकच. चेन्नईच्या किनाऱ्यावरून पाण्याखाली जाणाऱ्या तारांतही काचेचेच सूत आहे, पण ते बळासाठी नव्हे तर प्रकाश वाहण्यासाठी. १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या चेन्नई-अंदमान तारेची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर आहे. तो विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे.

झटपट खाण्याच्या व्यापाऱ्यांसही अंतराळाचा मोह पडल्यावाचून राहिला नाही. जुलै २००० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा झ्वेझ्दा हा भाग घेऊन गेलेल्या रशियन प्रोटॉन अग्निबाणाच्या अंगावर पिझ्झा हटचे चिन्ह रंगविलेले होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्थानकावरील यूरी उसाचोव्ह यांस पिझ्झाही पोहोचता केला. २००६ साली केंटकी फ्राइड चिकनने नेवाडाच्या वाळवंटात ६५,००० रंगीत फरशा मांडून आपल्या कर्नल सँडर्सचा एवढा मोठा चेहरा काढला की तो उपग्रहातून दिसावा. जमिनीवरच्या गिऱ्हाइकास दारात थांबविणारा चेहरा, ज्या उंचीवर कोणीच जेवावयास येत नाही तेथून दिसावा, या हट्टात व्यापार किती आणि बालिशपणा किती हे ठरविणे कठीण आहे.

याच कर्नलची एक हकिकत जपानातील ओसाका शहराची आहे. ऑक्टोबर १९८५ मध्ये हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाने आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले, तेव्हा उन्मत्त चाहत्यांनी संघातील दाढीवाल्या अमेरिकन खेळाडूच्या जागी, त्याच्याशी साम्य शोधून, जवळच्या उपाहारगृहाच्या दारातला कर्नलचा पुतळा उचलला आणि दोतोंबोरी नदीत फेकला. त्याच हंगामात संघाने जपान सीरिजही जिंकली, पण पुढे वर्षानुवर्षे ती त्यांच्या हाती लागेना आणि लोक म्हणू लागले की हा कर्नलचा शाप. पुतळा मार्च २००९ मध्ये गाळातून निघाला. २३ वर्षे पाण्याखाली राहूनही देह, तुकड्यांत का होईना, बहुतांशी टिकला होता. नव्हता तो डावा हात, आणि नव्हता तो चष्मा. शाप सुटला तो २०२३ मध्ये, संघाने जपान सीरिज पुन्हा जिंकली तेव्हा. पुढच्या वर्षी कंपनीने साके शिंपडून, रीतसर विधी करून त्या जीर्ण कर्नलला निरोप दिला.

हा टिकाऊपणा सर्वांस सुखाचा आहे असे मात्र नाही. लोखंड वितळविता येते, लाकूड जाळता येते, खुद्द साधी काचही भट्टीत पुन्हा घालता येते. परंतु राळेत एकदा गोठलेले काचेचे सूत वेगळे काढणे अतिशय खर्चाचे आहे. कन्याकुमारीजवळच्या मुप्पंदल येथे आणि तमिळनाडूच्या इतर खिंडींत पवनचक्क्यांची जी प्रचंड पाती फिरताना दिसतात ती बहुतांशी याच द्रव्याची आहेत, त्यांचे आयुर्मान सुमारे दोन दशकांचे असते, आणि जुन्या पात्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न जगभरच्या अभियंत्यांपुढे आहे. त्यांचे तुकडे करून सिमेंटच्या भट्ट्यांत घालणे, त्यांचे पूल वा बाके करणे, असे उपाय चालू आहेत. किनाऱ्यावर फुटून पडलेल्या होड्यांना मात्र अजून कोणी वाली नाही, आणि कासिमेडूच्या बंदराजवळ त्यांचे सांगाडे दिसतात.

विल्मिंग्टनच्या जेमिनी जायंटचे भाग्य याहून बरे निघाले. ‘लाँचिंग पॅड’ बंद पडले, मालक बदलले आणि मार्च २०२४ मध्ये त्या पुतळ्याचा लिलाव झाला तेव्हा २,७५,००० डॉलरांची बोली लागली. जवळच्या जोलिएट येथील इतिहास-संग्रहालयाने तो घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विल्मिंग्टनच्याच एका बागेत त्यास पुन्हा उभा केला. शिरस्त्राण नव्याने रंगविले आहे. हातातला अग्निबाण अर्थातच कुऱ्हाडीच्या पकडीत आहे.